लाकडी पेनावर सेल्टिक नॉट (एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्यांची गाठीसारखी नक्षी) करताना पट्ट्या जुळत नाहीत, काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक पट्टीच्या जाडीत असते. करवतीचं पातं जेवढं लाकूड खातं ना, पट्टी बरोब्बर तेवढ्याच जाडीची हवी, जरा कमीजास्त झाली की पुढच्या कापाला रेघ सरकते आणि गाठ तुटल्यासारखी दिसते. दुसरं म्हणजे ब्लँक (ज्यातून पेन घडवायचा तो लाकडाचा तुकडा) चारही बाजूंनी एकसारखा चौरस आहे का ते आधी बघा, आणि स्टॉप ब्लॉक (ब्लँक दर वेळी टेकवायचा ठोकळा) लावा म्हणजे चारही काप एकाच जागी पडतील.

खरं तर गाठ अशी काही कोरायची नसतेच, ४५ अंशात तिरका काप घ्यायचा, पट्टी चिकटवायची, ब्लँक ९० अंश फिरवायचा, असं चारदा, आणि लेथवर गोल झालं की तेच सरळ काप एकमेकांत गुंफलेले दिसतात, पहिल्यांदा बघताना फार भारी वाटतं! काप पूर्ण आरपार नेऊ नका, थोडं लाकूड राहू द्या म्हणजे तुकडा हलत नाही. प्रत्येक पट्टीनंतर गोंद पूर्ण वाळू द्या, इथे घाई केली तर ड्रिल करताना सांधे उघडतात. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर एपॉक्सी गोंदच वापरा. शिसवात हळदूची पिवळसर पट्टी मला सगळ्यात आवडते.