वाचकांचे प्रश्न: चिकुनगुनियाच्या पेशीतले ठिपके

प्रश्न: यू-टू-ओएस या मानवी पेशींना चिकुनगुनिया विषाणूची लागण केली आणि आठ तासांनी जीथ्रीबीपी-१ या प्रथिनाचं प्रतिपिंड वापरून पाहिलं. पेशीद्रवात ठळक ठिपके दिसले. ताणामुळे स्ट्रेस ग्रॅन्युल (ताणात अडकलेल्या एमआरएनए आणि प्रथिनांचे पुंजके) तयार झाले आणि पेशीने विषाणू रोखला, असं प्रकल्प अहवालात लिहावं का?
– एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरं वर्ष

उत्तर: एवढ्या पुराव्यावर लिहू नका. बहुधा घडतंय ते नेमकं उलट.

ताणाचा नेहमीचा मार्ग असा: विषाणूचा दुपदरी आरएनए पेशीतलं पीकेआर हे एन्झाइम ओळखतं, प्रथिननिर्मिती सुरू करायला लागणाऱ्या ईआयएफ-२-अल्फा या प्रथिनाच्या ५१व्या सेरीनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चढवतं आणि नव्या प्रथिनांची सुरुवात अडते. अडकलेले एमआरएनए, रायबोसोमचा लहान भाग आणि जीथ्रीबीपी एकत्र आले की ग्रॅन्युल बनतात. चिकुनगुनियाचं एनएसपी-३ प्रथिन इथेच घुसतं. त्याच्या शेपटीतले दोन छोटे तुकडे जीथ्रीबीपीला घट्ट धरून आपल्याकडे खेचतात. विषाणूला त्याची गरजही असते; जीथ्रीबीपी-१ आणि २ दोन्ही काढून टाकलेल्या पेशींत तो जेमतेम वाढतो. म्हणजे तुम्हाला दिसलेले ठिपके विषाणूच्या सोयीचे असू शकतात.

खरे-खोटे वेगळे करायला जीथ्रीबीपीसोबत ईआयएफ-३ (प्रथिननिर्मितीच्या सुरुवातीचाच आणखी एक घटक) आणि एनएसपी-३ प्रतिपिंडांनी रंगवा. तिन्ही प्रतिपिंडं वेगवेगळ्या प्राण्यांतली घ्या, नाहीतर दुय्यम प्रतिपिंड भलतीकडे चिकटतं. खऱ्या ग्रॅन्युलमध्ये ईआयएफ-३ सापडतं, विषाणूच्या ठिपक्यांत सहसा नाही.

दुसरी कसोटी सायक्लोहेक्सिमाईड या प्रथिननिर्मिती थांबवणाऱ्या रसायनाची, आणि आमच्या मते ती टाळूच नये. ते एमआरएनएला रायबोसोमवर अडकवून ठेवतं, त्यामुळे खरे ग्रॅन्युल विरघळतात; एनएसपी-३चे ठिपके तसेच राहतात. स्थिरीकरणाआधीची (पेशी रसायनाने आहे तशा गोठवण्याआधीची) शेवटची ३० मिनिटं, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम पुरे. आधीपासून घातलंत तर विषाणूची प्रथिनंच बनणार नाहीत आणि प्रयोग वाया जाईल. चार गट हवेतच: लागण नसलेल्या पेशी, लागण नसलेल्या पण ताण देण्यासाठी ०.५ मिलिमोलर सोडियम आर्सेनाईट ४५ मिनिटं दिलेल्या, लागण झालेल्या, आणि लागणीनंतर आर्सेनाईट दिलेल्या. प्रत्येक गट सायक्लोहेक्सिमाईडसह आणि त्याविना. शेवटच्या गटात आर्सेनाईट देऊनही ईआयएफ-३ असलेले ग्रॅन्युल बनले नाहीत, तर विषाणूने ती वाट बंद केली आहे. लागण नसलेल्या साध्या गटातच ठिपके दिसले तर दोष हाताळणीचा: पेशी फार दाट झाल्या, माध्यम जांभळं पडलं किंवा थंड माध्यम ओतलं गेलं. आर्सेनाईट विषारी असतं. त्याचा कचरा वेगळा साठवा.

सोबत वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) करा. पेशी फोडताना फॉस्फेटेज रोधक (फॉस्फेट काढणारी एन्झाइमं थांबवणारी रसायनं) हवेतच, आणि ब्लॉकिंगला (प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून) दुधाऐवजी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घ्या. दुधातल्या केसीनवर स्वतःचेच फॉस्फेट असतात, त्यामुळे पार्श्वभूमी वाढू शकते. फॉस्फेट चढलेलं ईआयएफ-२-अल्फा एकूण ईआयएफ-२-अल्फाशी ताडून पाहा. फॉस्फेट चढलेलं आहे पण ग्रॅन्युल नाहीत, असं दिसलं तर गोंधळू नका. पीकेआर जागं झालेलं असतं, पण जीथ्रीबीपी तोवर विषाणूने पळवलेलं असतं.