क्रिकेट सामन्यांत लागणाऱ्या जाहिरातींबद्दल तुमचं मत काय? कोणत्या आवडतात, कोणत्या खटकतात, आणि पैसे भरून त्या बंद कराव्यात का?

बऱ्याचशा आवडतात. खटकतात त्या दोनच प्रकारच्या, पण इतक्या खटकतात की हे उत्तर निम्मंअधिक त्यांच्यावरच जाणार आहे.

आमचं अमळनेरला किराणा दुकान आहे. आयपीएल येते ती खान्देशच्या ऐन उन्हाळ्यात. दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, माणसं बाहेर पडतात ती दिवेलागणीनंतर. दुकानात टीव्ही आहे, त्यामुळे साडेसातला सामना सुरू झाला की ओटा भरतो. षटक चालू असताना कुणी काही मागत नाही. सहावा चेंडू पडला की मात्र एकदम गलका. पाव किलो शेव द्या, अर्धा किलो तूरडाळ द्या, साबण द्या. एकीकडे पडद्यावर जाहिराती आणि एकीकडे माझा काटा, असं आमचं चालतं. माय तिथेच खुर्ची टाकून बसलेली असते. तिला क्रिकेट चांगलं समजतं. जाहिरात लागली की तिचा एकच प्रश्न असतो, "हाऊ काय इकी ऱ्हायना रे?" म्हणजे हा काय विकतोय?

मला जाहिरात पारखायला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. नाचा, गा, हसवा, मोठ्यात मोठा हिरो आणा, माझी काही हरकत नाही. पण काय विकायला आलात ते समोरच्याला समजलं पाहिजे. जे विकायचं तेच दाखवलं तर ती जाहिरात, आणि जे विकायचं तेच लपवलं तर ती फसवणूक.

या कसोटीला पुरेपूर उतरलेल्या जाहिराती म्हणजे २००९ चे व्होडाफोनचे झूझू. ती आयपीएल निवडणुकीमुळे दक्षिण आफ्रिकेत गेली होती, आणि त्याच वर्षी डावाच्या मधोमध साडेसात मिनिटांचा ब्रेक आला. सामन्याची लय तुटते म्हणून सगळ्यांनी त्याला नावं ठेवली. (पुढे त्याचेच अडीच मिनिटांचे टाइमआउट झाले, प्रत्येक डावात दोन.) त्या ब्रेकमध्ये पांढऱ्या अंगाची, अंड्यासारख्या डोक्याची ती पात्रं यायची. कितीतरी लोकांना ते कार्टून वाटायचं. प्रत्यक्षात ती पांढरे पोशाख चढवलेली खरीखुरी माणसं होती. ओगिल्व्हीची कल्पना, प्रकाश वर्मांचं दिग्दर्शन, आणि चित्रीकरणही केपटाउनलाच. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की झूझूंना भाषाच नव्हती. नुसते चित्रविचित्र आवाज. त्यामुळे जे मुंबईत समजलं तेच आमच्या ओट्यावर समजलं, तेच सातपुड्यातल्या पाड्यावर समजलं असणार. फोनमधले नंबर सांभाळून ठेवायची सोय, बॅलन्स संपल्यावर मिळणारं छोटं क्रेडिट, क्रिकेटचे अलर्ट, जे काही असेल ते अर्ध्या मिनिटात डोळ्यांसमोर यायचं. मायला एकदाही विचारावं लागलं नाही.

डेअरी मिल्कच्या जुन्या जाहिरातीत षटकार बसतो आणि ती मुलगी सुरक्षारक्षकाला चुकवून नाचत मैदानात शिरते. २०२१ मध्ये कंपनीनं तीच पुन्हा केली, पण उलटी. बॅट मुलीच्या हातात आणि नाचत मैदानात धावणारा मुलगा. चॉकलेट दिसतं, आनंद दिसतो, लपवलेलं काही नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा मला राहून राहून तीच जाहिरात आठवत होती. चार वर्षं आधी कुणीतरी ते मनात चितारलं होतं, याचं फार कौतुक वाटलं.

सगळ्याच गाजलेल्या जाहिराती मला पटल्या असं नाही. २०१५ च्या विश्वचषकातली 'मौका मौका' पहिल्यांदा पाहिली तेव्हा ओटा खदखदून हसला होता. १९९२ पासून फटाके जपून ठेवलेला तो पाकिस्तानी चाहता, त्याचं वय वाढत जातं आणि फटाके काही वाजत नाहीत. तिथं विकायचा होता तो सामनाच, आणि तो विकला गेला. पण मग प्रत्येक स्पर्धेत तेच, आणि दर वेळी चिडवणं थोडं जास्त. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्ताननं आपल्याला दहा गडी राखून हरवलं तेव्हा ती हार आणखी झोंबली, ती या जाहिरातींमुळेच. क्रेडचं वेगळं. राहुल द्रविड बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये खवळतो आणि बॅटनं शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो, यावर आम्ही पोट धरून हसलो. "पण इकी काय ऱ्हायना?" याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, कारण ते होतं क्रेडिट कार्डाचं बिल भरायचं ॲप आणि ओट्यावर कार्ड कुणाकडेच नव्हतं. ती आमच्यासाठी केलेलीच नव्हती. असो, त्यानं कुणाचं वाईट झालं नाही.

आता खटकतात त्यांच्याकडे येतो.

पहिला प्रकार वेलचीचा. केशर, चांदीचा वर्ख, महाल, हेलिकॉप्टर, तीन-तीन सुपरस्टार, आणि शेवटी हातात वेलचीच्या दाण्यांची डबी. मी किराणावाला आहे, वेलची विकतो. वेलची विकून कुणी हेलिकॉप्टरची जाहिरात काढत नाही. तेच नाव, तेच रंग, तीच अक्षरं असलेली पुडी टपरीवर माळेनं लटकलेली असते, आणि गिऱ्हाईक टपरीवर जाऊन वेलची मागत नाही, नुसतं नाव घेतं. टपरीवाला दोन पुड्या देतो, एक सुपारीच्या पानमसाल्याची आणि एक बारकी तंबाखूची. गिऱ्हाईक मोठीचं तोंड दातानं फाडतं, बारकी तिच्यात रिकामी करतं, वर अंगठा दाबून दोन-तीनदा हलवतं आणि मान मागे टाकून तोंडात ओततं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. पण खान्देशला एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला गुजरात. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याजवळ गुटख्याचा ट्रक पकडल्याची बातमी आम्हाला नवी नाही.

लोक म्हणतात, तंबाखू वाईट, नुसता मसाला चालतो. तेही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात खुद्द सुपारीलाच कर्करोगकारक म्हटलंय. सुपारीनं गालांच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडायचं कमी होतं. आमच्या गिऱ्हाइकांत असा एक तरुण आहे. त्याच्या तोंडात स्वतःची दोन बोटं उभी जात नाहीत. घरात कळण्याची भाकरी आणि ठेचा असतो आणि हा दुधात पोळी कुस्करून खातो, कारण मिरची लागली की तोंडात आग होते. तो आमच्याकडून साबुदाणा आणि रवा नेतो. सामना लागलेला असतो आणि त्याच्यासमोर ती वेलचीची जाहिरात येते. माझ्या जिवाला जे होतं ते मला सांगता येत नाही.

तंबाखू आणि दारूच्या जाहिराती केबल टीव्हीच्या नियमांनी फार पूर्वीच बंद केल्यात. जून २०२२ मध्ये ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींनाही मनाई केली. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून त्या थांबवा म्हणून सांगितलं. अमिताभ बच्चन ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा जाहिरातीतून बाहेर पडले, अक्षय कुमारनं एप्रिल २०२२ मध्ये चाहत्यांची माफी मागितली. चांगलं केलं, मी दोघांनाही मानतो. पण त्यांची जागा घ्यायला दुसरे तयार असतात, माजी क्रिकेटपटूसुद्धा. अशा वेळी मला सचिन आठवतो. दारू-तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्यानं वडिलांना, मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना, दिला आणि पाळला. तोही अशा काळात, जेव्हा १९९६ चा विश्वचषकच सिगारेटच्या नावानं भरला होता आणि भारतीय संघाच्या छातीवर त्याच सिगारेटचं नाव होतं.

दुसरा प्रकार पैसे लावून टीम बनवायच्या ॲपचा. तिथं विकत होते ती आशा, आणि लपवत होते तो तोटा. "सवय लागू शकते, आर्थिक जोखीम आहे" हे वाक्य शेवटी इतक्या घाईत उरकायचे की रवा मोजता मोजता ऐकू यायचं नाही. सात वाजता नाणेफेक झाली की ओट्यावरची पोरं खाली माना घालून बसायची, "टीम लावली का?" एवढंच बोलणं. सामन्याकडे लक्ष नाही, चौकार गेला तरी टाळी नाही, कारण तो आपल्या टीममधल्या गोलंदाजाला बसलेला. मे महिन्यात घरात कपाशीच्या बियाण्याचे पैसे येऊन पडलेले असतात, त्यांतले काही कुठं गेले हे त्या घरांनाच माहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही बंद केल्या. भारतीय संघाच्या जर्सीवरचं अशाच ॲपचं नावही गेलं, आणि आशिया चषक आपण कोऱ्या छातीनं खेळलो आणि जिंकलो. मला ती कोरी जर्सी फार आवडली.

एक तक्रार भाषेची. समालोचन आता मराठीत मिळतं, पण षटक संपलं की हिंदी सुरू, नाहीतर हिंदीवरून ओढूनताणून मराठी केलेलं बोलणं. याच्यापेक्षा केबलवाल्याची पट्टी बरी होती. ती धावफलक झाकायची म्हणून राग यायचा, पण "लग्नाचा बस्ता", "ठिबकचं सर्व साहित्य", "दाढेचे डॉक्टर दर बुधवारी" असं आमच्या भाषेत, आमच्या कामाचं लिहिलेलं असायचं.

राहिला पैसे भरून जाहिराती बंद करण्याचा प्रश्न. थेट सामन्यात तशी सोय सहसा मिळतच नाही, पण मिळाली तरी मी भरणार नाही. एक तर गिऱ्हाइकांना माल द्यायला मला तोच वेळ मिळतो. दुसरं असं की माझ्या फोनवर बंद झाल्या तरी समोर बसलेल्या चौदा वर्षांच्या पोराच्या फोनवर त्या चालूच राहणार. जो फुकट बघतो त्यालाच वेलची दाखवणार, तर त्याच्यासाठी आपण बोललं पाहिजे. चॅनेलकडे तक्रार करता येते, जाहिरात मानक परिषदेकडे ऑनलाइन करता येते, १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जाहिरातीची तारीख, चॅनेल आणि वेळ तेवढी टिपून ठेवा, तक्रारीत ती लागते.