सी++ शोधलं आणि सगळेच पास झाले!

प्रश्न: नमस्कार सर, एचआरवाल्यांसाठी पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिलीय, ती एक्सेलमधून स्किल्सची नावं उचलते आणि रेझ्युमेत रेजेक्सने (मजकूर शोधायचा नमुना, म्हणजेच पॅटर्न) शोधते. जुन्या लॅपटॉपवर सी++ आलं की 'मल्टिपल रिपीट' असा एरर यायचा. नवीन लॅपटॉपवर एरर गेला, पण आता ज्याने जन्मात सी++ला हात लावला नाही तोही यादीत येतोय. पायथॉन बिघडलंय का?
- एक वाचक, पिंपरी

उत्तर: बिघडलं नाही हो, उलट शहाणं झालंय आणि त्याचाच तुम्हाला ताप होतोय. रेजेक्समध्ये + म्हणजे 'आधीचं अक्षर एकदा किंवा जास्त वेळा'. दोन + लागोपाठ आले की जुनं पायथॉन अडायचं, ३.११ पासून मात्र ++ ला स्वतःचा अर्थ मिळालाय, पझेसिव्ह म्हणतात त्याला, जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं आणि घेतलेलं परत सोडायचं नाही. म्हणजे तुमची स्क्रिप्ट आता नुसतं इंग्रजी सी हे अक्षर शोधतेय, आणि सी नसलेला रेझ्युमे दाखवा मला! एरर यायचा तेच बरं होतं, निदान कळायचं तरी.

यादीत .नेट (मायक्रोसॉफ्टचं प्लॅटफॉर्म) असेल तर तेही बघून घ्या. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, त्यामुळे केस इग्नोर (लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच धरणं) केली असेल तर 'इंटरनेट' लिहिणारा प्रत्येकजण .नेट डेव्हलपर.

खास चिन्हाच्या आधी बॅकस्लॅश दिला की ते साधं चिन्ह होतं, सी\+\+ आणि \.नेट असं. पण नावं एक्सेलमधून येतायत तर हाताने करत बसू नका, री.एस्केप फंक्शन आहे त्यासाठीच, हे बॅकस्लॅश तेच लावतं. फक्त सगळी नावं | ने (म्हणजे 'किंवा') जोडून एकच पॅटर्न करत असाल तर आधी एकेक नाव एस्केप करा, मग जोडा, उलटं केलं तर | पण एस्केप होतो आणि काहीच सापडत नाही (माझी अख्खी दुपार गेलीय यात).

आणि अख्खा शब्द जुळावा म्हणून दोन्हीकडे बॅकस्लॅश बी (शब्दाची हद्द) लावाल तर सी++ परत गायब. ती हद्द अक्षर आणि बिनअक्षर यांच्या मधे असते, + नंतर स्पेस आली तर दोन्ही बिनअक्षरंच, मग हद्द येणार कुठून? सी++ च्या शेवटी निगेटिव्ह लुकअहेड लावा, म्हणजे 'पुढे अक्षर नको' एवढंच, आणि .नेटच्या आधी तसंच लुकबिहाइंड, म्हणजे 'मागे अक्षर नको'. सी शार्पच्या (सी#) शेवटीही तोच लुकअहेड लागेल, बाकी # एस्केप करायची काळजी नको, व्हर्बोज मोड (पॅटर्नमध्येच टिपा लिहायची सोय) चालू असेल तरच तो कॉमेंट धरला जातो.