मालवणात शेवटचा दिवस, बाहेर पाऊस आणि किल्ल्याची होडी बंद. दिवस कसा घालवावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे, सिंधुदुर्ग किल्ला शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता, पण रात्रीपासून पाऊस थांबत नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागलाय. सोबत आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी, रात्री कुडाळहून रेल्वेगाडी. मग दिवस खोलीतच काढायचा का?

अजिबात नाही. माझं माहेर मालवण तालुक्यातलंच, कट्टा गावचं. त्यामुळे अगदी ठामपणे सांगते, आज समुद्राकडे पाठ करा आणि आत, जमिनीकडे निघा. कोकण म्हणजे फक्त वाळू आणि लाटा नव्हेत. किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर जे आहे ते बहुतेक पाहुण्यांचं राहूनच जातं. शिवाय मालवण ते कुडाळ हा रस्ता असा आहे की वाटेतला प्रत्येक थांबा तुम्हाला स्टेशनच्या जवळच नेतो. शेवटच्या दिवशी हे फार महत्त्वाचं.

आधी होडीबद्दल. कुणाला विनवू नका, जास्त पैसे देऊ नका, ‘जरा उघडलं की सोडा’ असंही म्हणू नका. होडीवाल्यांचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो. सुट्टीची गर्दी समोर उभी असताना तो माणूस ‘आज होडी सुटाची नाय’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःची दिवसाची कमाई सोडत असतो. त्याचं ऐका. असा बावटा लागला की गुजरात-कर्नाटकच्या मोठ्या नौकासुद्धा देवगड बंदरात आसऱ्याला येतात. आणि २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन जीव गेले, ते इथे कुणी विसरलेलं नाही.

पण किल्ला पूर्ण हुकला असं समजू नका. सकाळी सर थोडी ओसरली की मुलीला घेऊन बंदरावर जा. जेटीच्या कडेला नको, मागे उभे राहा. समोर तट दिसतो आणि त्यावर आपटणाऱ्या लाटा दिसतात. एरवी ऊन असताना कळत नाही की या भिंतींचं काम काय होतं, ते आज कळेल. मुलीला सांगा, शिवाजी महाराजांनी १६६४ साली २५ नोव्हेंबरला याची पायाभरणी केली आणि १६६७ पर्यंत कुरटे बेटावर हा किल्ला उभा राहिला. पायाभरणीची पूजा झाली ती जागा बेटावर नाहीच, मालवणच्या किनाऱ्यावर आहे. मोरयाचा धोंडा म्हणतात त्याला. खडकावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. लाटा वर येत नसतील तर लांबून दर्शन घ्या. खडक शेवाळलेले असतात, आई-बाबांना त्यावर चढवू नका. चारी बाजूंनी खारं पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ज्या पावसाने तुमचा दिवस अडवलाय त्याचंच पाणी मुरून तिथे पोचतं. किल्ल्यात काही कुटुंबं आजही राहतात, होडी बंद म्हणजे त्यांचाही गावाशी संबंध तुटलेला. आठ वर्षांच्या मुलीला हे सगळं नीट समजतं. फक्त तिथेच उभं राहून सांगा, खोलीत बसून नको.

मग बाजार. मालवणी खाजा, आमसुलं, मसाला, काय हवं ते सकाळीच घ्या आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. ओले कपडे वेगळे. संध्याकाळी घाई नको.

जेवणाचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण इथे बाहेरची माणसं हटकून चुकतात. दोन दिवस होड्या समुद्रात गेल्या नसतील तर ताटातला पापलेट बहुधा बर्फातला असणार, आणि त्याचे पैसे ताज्याचेच लागणार. म्हणून आज सुरमई-पापलेट मागूच नका. सरळ विचारा, ‘आज ताजं काय आहे?’ खाडीतलं काही असेल, कुर्ल्या म्हणजे खेकडे असतील, तर ते घ्या. नसेल तर घरगुती खानावळीत कुळथाची पिठी, गरम भात आणि भाजलेला सुका बांगडा मागा. पावसाच्या दिवसात आमच्या घरोघरी हेच असतं. मला विचाराल तर मालवणीतलं सगळ्यात चांगलं जेवण हेच, थाळीच्या पाटीवर सहसा नसलं तरी. आई-बाबा शाकाहारी असतील तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. आधी फोन करून सांगितलंत तर बऱ्याच ठिकाणी करून देतात.

जेवलात की सामानासकट निघा. चौके, धामापूर, काळसे, नेरूरपार असा रस्ता धरा. गाडी ठरवताना ड्रायव्हरला आधीच सांगा की हाच रस्ता हवा आणि वाटेत थांबायचंय.

धामापूरचा तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या काळातला. दोन डोंगरांच्या मधे बांध घालून पाणी अडवलंय. जवळजवळ पाचशे वर्षं तो बांध टिकून आहे आणि मालवण शहर आजही त्याचं पाणी पितं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. काठावर भगवतीचं देऊळ आहे, तिथून पायऱ्या खाली पाण्यापर्यंत जातात. देवळाच्या सभामंडपात बसून पावसातला तलाव पाहायला मिळतो, छत्री मिटून, निवांत. आई-बाबांना तिथेच बसवा. आणि मुलीला ती गोष्ट सांगा: पूर्वी कुणाच्या घरी लग्न असलं आणि दागिने नसले की फुलांचे दागिने परडीत ठेवून तलावात सोडायचे, परडी परत यायची ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून. लग्न झालं की ते परत करायचे. एकाने परत केले नाहीत, तेव्हापासून तळ्याने देणं बंद केलं. पाण्यात उतरू नका, आज तर मुळीच नाही.

पुढे नेरूरपारला पूल लागतो, खाली कर्ली नदी. देवबागच्या संगमावर गेला असाल तर समुद्राला मिळताना जी नदी पाहिलीत, ती हीच. इकडे दोन्ही बाजूंना भातशेती आहे. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापणीला आलंय आणि हस्ताचा हा पाऊस त्याला आडवं करतो. शेतात कुणी प्लास्टिक पांघरून लोंब्या सोडवताना दिसलं तर फोटोसाठी गाडी थांबवू नका. वर्षाचा तांदूळ असतो तो.

आता पिंगुळी. माझ्या मते तुमच्या आजच्या दिवसाचं मुख्य ठिकाण हेच. कुडाळच्या अगदी जवळ आहे, म्हणून दुपारचा उरलेला वेळ इथे द्या. ठाकर समाजाची लोककला इथे जपली आहे, चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रांची पोथी. कथा सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ आणि हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य यांच्या साथीवर गात गात गोष्ट पुढे नेतो. सावंतवाडी संस्थानने या कलेला आश्रय दिला होता. पुढे करमणुकीची साधनं बदलली, सांगणारे कमी झाले आणि पोथ्या माळ्यावर गेल्या. त्या टिकल्या त्या परशुराम गंगावणे यांच्यासारख्या माणसांमुळे. त्यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्या चित्रांतली मोठ्या डोळ्यांची माणसं, लाल आणि काळ्या रंगाची ती ठसठशीत रेघ, हे हातभर अंतरावरून पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. मुलीच्या समोर बाहुली दोऱ्यावर हलेल तेव्हा किल्ला राहिल्याची हुरहूर तिच्या मनातून जाईल असं मला मनापासून वाटतं. मात्र निघायच्या आधी सकाळीच चौकशी करा, खेळ दाखवायला माणसं लागतात. खेळ झाला तर मानधन देताना हात आखडू नका. चित्रं विकत मिळत असतील तर एखादं जरूर घ्या, दुकानातल्या शंखशिंपल्यांच्या माळांपेक्षा ते कितीतरी मोलाचं.

आई-बाबांची इच्छा असेल तर पिंगुळीतच राऊळ महाराजांचा मठ आहे. शांत जागा आहे, पाय टेकायलाही बरी.

कुणी आंबोलीला जा म्हणेल. आंबोलीत वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो, धबधबे सुंदरच आहेत, पण आज नको. घाटात धुकं असतं, एखादं झाड आडवं पडलं तरी तासभर जातो, आणि तुम्हाला गाडी गाठायची आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पाहण्यासारखी आहे, पण ती कुडाळच्या पुढे. पिंगुळीत खेळ होणार नाही असं सकाळीच कळलं तरच तिकडे वळा.

गाडीचं शेवटचं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. तिकीट जुनं असेल तर वेळ पुन्हा तपासा, आणि दुपारपासून गाडी कुठे आहे ते मोबाईलवर पाहत राहा. पावसात दिसेनासं झालं की गाड्या ताशी ४० किलोमीटरने चालवायचा नियम आहे, त्यामुळे उशीर धरूनच चला. सातच्या आत कुडाळात पोचा आणि बाजारपेठेत गरम जेवून घ्या. गाडीत काहीतरी मिळेल या भरवशावर आई-बाबांना उपाशी ठेवू नका. मुलीचा एक कोरडा कपड्यांचा जोड आणि टॉवेल बॅगेत सगळ्यात वर ठेवा, फलाटावरच लागेल.