दारू सोडलेल्या माणसाला ‘झिरो बिअर’ आणून द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यजमान रोज संध्याकाळी व्हिस्कीची क्वार्टर घेत असत, दोन महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले आणि तेव्हापासून प्यायलेले नाहीत. आता ऊन वाढल्यावर बीडच्या एका दुकानात मिळणारी बिनअल्कोहोलची बिअर आणून दे असा त्यांचा आग्रह आहे, आणि पुढच्या महिन्यात पुतणीच्या लग्नातही ‘मी झिरोच घेईन’ असे ते सांगतात. बाटलीवर अल्कोहोल नाही असे छापलेले असताना दारूपेक्षा हे बरे नाही का, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर ‘आणून देऊ नका’ असे आहे. मी लातूर जिल्ह्यातील एका केंद्रात समुपदेशक म्हणून काम करतो आणि त्याआधी स्वतः पिणाराही होतो. परंतु मी डॉक्टर नाही, म्हणून औषधांविषयी खाली जे लिहिले आहे ते त्यांच्या डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी.

आधी बाटलीत काय असते ते पाहू, कारण यजमानांचा सगळा युक्तिवाद त्या छापील अक्षरांवर उभा आहे. अशा बिअरचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. एकावर ०.० टक्के असे लिहिलेले असते आणि दुसऱ्यात ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते, कारण आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ०.५ टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेयच मद्य ठरते. नेहमीसारखी बिअर तयार करून नंतर कमी दाबाखाली, कमी तापमानावर तिच्यातील अल्कोहोल उडवून लावतात किंवा बारीक पडद्यातून गाळून वेगळे काढतात. काही ठिकाणी आंबण्याची क्रियाच मध्ये थांबवतात. चव, वास, फेस आणि बाटलीचा आकार मात्र मुद्दाम तसाच राखलेला असतो, कारण विकायचे तेच असते.

हिशेब केला तर ०.५ टक्क्याच्या ३३० मिलीच्या बाटलीत सुमारे १.६५ मिली शुद्ध अल्कोहोल येते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ते सुमारे ७७ मिली असते. म्हणजे एका क्वार्टरइतके अल्कोहोल पोटात जाण्यासाठी अशा छेचाळीस-सत्तेचाळीस बाटल्या प्याव्या लागतील, आणि तेवढे पाणी कोणाच्या पोटात मावणार नाही. तेव्हा या बिअरने नशा चढत नाही हे यजमानांचे म्हणणे खरे आहे, आणि त्या मुद्द्यावर त्यांच्याशी वाद घालू नका; हराल.

मला खटकते ते वेगळेच. ज्या माणसाने वर्षानुवर्षे व्हिस्की घेतली, ज्याला बिअर म्हणजे फार तर उन्हाळ्यातली गंमत वाटत असे, त्याला आता अचानक बिअरची चव कशासाठी हवी आहे? तहान भागवायला ताक आहे, कैरीचे पन्हे आहे, लिंबू सोडा आहे, आणि आपल्या भागात रसवंती तर कोसाकोसावर आहे. त्यांना त्या पेयापेक्षा त्याच्याभोवतीचे सगळे हवे आहे असे मला वाटते : साडेसातची वेळ, थंड बाटली, ग्लास, शेंगदाणे किंवा फरसाणाची वाटी, समोर बसलेले दोन मित्र, आणि ‘आपण पीत आहोत’ ही भावना. व्यसनात मेंदू दारूबरोबर या सगळ्या खुणा एकत्र बांधून ठेवतो आणि त्यातली एक खूण दिसली की बाकीचे मागू लागतो, ज्याला आपण तलफ म्हणतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ४९ पुरुषांना बिअरची चव नशा चढणे शक्यच नाही इतक्या थोड्या प्रमाणात दिली होती. तरीही नुसत्या चवीने त्यांच्या मेंदूत डोपामाइन हे रसायन स्रवले आणि पिण्याची इच्छा वाढली. खेळाडूंच्या गोड पेयाने तेवढे झाले नाही. ज्यांच्या जवळच्या नात्यात दारूचे व्यसन होते त्यांच्यात डोपामाइनचा हा परिणाम अधिक ठळक होता. म्हणजे बाटलीवर शून्य छापलेले असले तरी जिभेने मेंदूला जो निरोप पाठवायचा तो पाठवलेलाच असतो, आणि यजमानांच्या मेंदूला सावरायला अजून दोनच महिने मिळाले आहेत.

आता सर्वांत तातडीची गोष्ट. केंद्रातून येताना दिलेली औषधांची चिठ्ठी काढा आणि तीत ‘डायसल्फिराम’, म्हणजे दारू टाळता यावी म्हणून देतात त्या गोळीचे नाव आहे का ते पाहा. या गोळीमुळे अल्कोहोलचे शरीरात पचन अर्ध्यावर अडते आणि ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य साठते. मग चेहरा लालबुंद होणे, डोके ठणकणे, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणे अशी लक्षणे काही मिनिटांत सुरू होतात आणि क्वचित ती जिवावरही बेततात. गोळी बंद केल्यानंतरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकू शकतो. गोळी चालू असताना ०.५ टक्क्याची बिअर हा उगाच घेतलेला धोका आहे; ०.० टक्क्याची घेतली तर प्रतिक्रिया येण्याचे कारण नाही, पण दुकानदाराने किंवा बारमधल्या वेटरने त्याच नावाची, तशाच दिसणारी दुसरी बाटली दिली तर काय होईल याचा विचार करा. हाच नियम इतर गोष्टींनाही लागू आहे, आणि त्यांच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. खोकल्याची काही औषधे, काही माउथवॉश, होमिओपॅथीचे अल्कोहोलमधील अर्क, आणि आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे यांत अल्कोहोल असते. द्राक्षासव किंवा दशमूलारिष्टात आंबवण्याच्या क्रियेतून आपोआप तयार झालेले अल्कोहोल साधारण ५ ते १० टक्के असते, म्हणजे झिरो बिअरच्या कित्येक पट. ‘अशक्तपणासाठी टॉनिक’ म्हणून सासूबाईंनी प्रेमाने आणलेली बाटली आधी तपासा.

त्याच अनुषंगाने एक गोष्ट स्पष्टच लिहितो, तुम्ही विचारलेली नसली तरी. आपल्याकडे पिणाऱ्याच्या नकळत ही गोळी वरणात किंवा चहात मिसळून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तसे कधीही करू नका. ज्याला गोळीची कल्पना नाही तो माणूस पिणार, आणि मग जे होईल ते रात्री अकरा वाजता गावातल्या घरी तुम्हाला एकट्याने निस्तरावे लागेल. ही गोळी रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देण्याची आहे.

यजमानांच्या यकृताला सूज किंवा सिरोसिस असल्याचे कोणी सांगितले असेल तर ०.५ टक्क्याचीही चर्चा करू नये. मधुमेह असेल तर या बिअरमधील माल्टची साखर आणि पिष्ट हिशेबात धरावे लागते. काहींच्या चवदार प्रकारांत तर साखर चांगलीच असते.

घरातली एक व्यावहारिक अडचण मला या सगळ्याहून मोठी वाटते. आजवर यजमान प्यायले आहेत की नाही हे तुम्ही कशावरून ओळखत होता? तोंडाच्या वासावरून. झिरो बिअरला बिअरचाच वास येतो. ती एकदा घरात आली की त्यांच्या श्वासावरून तुम्हाला काहीच कळणार नाही. ते खरे बोलत असतील तरी तुम्हाला शंका येईल आणि खोटे बोलत असतील तरी ‘झिरोच घेतली’ हे उत्तर तयार असेल. दोन महिन्यांत जो थोडा विश्वास परत आला आहे तो अशा रोजच्या चौकशीत विरतो. घरात मुले असतील तर त्यांना वडिलांच्या हातातली बाटली दिसते, तिच्यावरचे टक्के दिसत नाहीत.

मी सर्वांसाठी हेच सांगेन असे मात्र नाही. ज्याला व्यसन जडलेले नाही, जो शनिवारी चार बाटल्या पितो आणि त्या कमी करू इच्छितो, त्याने दोन खऱ्या बाटल्यांच्या जागी दोन झिरो घेतल्या तर त्याचा फायदाच आहे. पूर्वी अवलंबून असलेल्यांपैकीही काहीजण अशी बिअर घेऊन वर्षानुवर्षे न पिता राहतात. पण ते कोण असतील हे आधी ओळखण्याची पद्धत माझ्याकडे नाही, आणि चुकले तर किंमत तुमच्या घराने मोजायची आहे. म्हणून निदान पहिले वर्षभर नाही, असे मी सांगतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या परस्पर-आधार गटाच्या सभांमधली जुनी माणसे याहून कडक आहेत, त्यांच्या मते कधीच नाही. त्यांचे म्हणणे मला टोकाचे वाटत असले तरी त्यांच्याशी भांडण्याइतके चुकीचे वाटत नाही.

हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून एक इशारा. जो आजही रोज भरपूर पीत आहे त्याने घरच्या घरी झिरो बिअरच्या आधारावर दारू एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भास, भ्रम आणि प्रचंड अस्वस्थता अशी जीवघेणी अवस्था होऊ शकते. झिरो बिअरमध्ये ते रोखण्याची कसलीही ताकद नाही. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावा.

आता यजमानांना सांगायचे कसे? ‘तुमच्यावर माझा विश्वास नाही’ असे म्हणू नका. ‘ती बाटली मी आणणार नाही आणि घरात ठेवणार नाही, तुम्हाला योग्य वाटत असेल तर आपण दोघे फॉलोअपला जाऊन डॉक्टरांना विचारू’ एवढेच शांतपणे सांगा आणि तिथेच थांबा. त्यांनी बाहेर जाऊन एखादी घेतली असेल तर आकांत करू नका, पण केंद्रात कळवा, कारण तलफ वाढल्याची ती बहुधा पहिली खूण असते. संध्याकाळचे जेवण सातच्या आत वाढा. भरल्या पोटी तलफ बरीच नरम पडते, आणि हा साधा उपाय लोक का टाळतात हे मला आजवर कळलेले नाही. केंद्र लांब पडत असेल तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालय किंवा बीडचे जिल्हा रुग्णालय येथे मानसोपचार तज्ज्ञांकडे जाता येईल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत, आणि तिथे फक्त रुग्णानेच नव्हे, तुम्हीही बोलू शकता.

लग्नाविषयी. हळदीच्या रात्रीची बैठक ही खरी अडचण आहे, मंडपातले जेवण नव्हे. शक्य असेल तर हळदीला जाऊ नका, लग्नाच्या दिवशी सकाळी जा आणि जेवण होताच निघता येईल अशी स्वतःची गाडी ठेवा. तुमचा भाऊ किंवा त्यांचा एखादा न पिणारा मित्र यांपैकी एकाला आधी सांगून दिवसभर त्यांच्या सोबत ठेवा. कोणी आग्रह केलाच तर ‘गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी मनाई केली आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडी बसवून घ्या. आपल्याकडे तत्त्वापेक्षा डॉक्टरांचे नाव पुढे केले की पाहुणे लवकर गप्प बसतात. आणि हातात ग्लास हवाच असेल तर मठ्ठ्याचा असू द्या, तो त्यांनी स्वतः वाढप्याकडून घ्यावा, दुसऱ्याने भरून आणलेला नको.