वडिलांची फियाट आणि एफडीतले दहा लाख

प्रश्न : मी बडोद्यात समा भागात राहतो. वय 57, मकरपुऱ्यातल्या कारखान्यात नोकरी, निवृत्तीला तीन वर्षं आहेत. पत्नी निवृत्त शिक्षिका, तिला 32 हजार पेन्शन आहे. घरखर्च 55 हजार. पीएफमध्ये 42 लाख, एफडी 18 लाख, म्युच्युअल फंडात 11 लाख. सगळे खर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला 25 हजार उरतात. रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यात वडिलांची 1966 ची फियाट 1100 बरीच वर्षं उभी आहे. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन पाहिलं, तेव्हापासून ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनात आहे. गॅरेजवाल्याने साडेआठ लाखांचा अंदाज दिलाय. मारुतीचं इंजिन बसवलं तर स्वस्त पडेल, असंही तो म्हणतो. एफडीतले 10 लाख काढू का? गाडीची किंमत पुढे वाढेलच, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना?

उत्तर : सप्रेम नमस्कार. एफडी मोडू नका. गाडी मात्र जरूर करा. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, ते कसं ते सांगतो.

आधी गुंतवणुकीचं. तुमची गाडी म्हणजे प्रीमियरने कुर्ल्याला बांधलेली, 1089 सीसीची, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली फियाट. हीच बांधणी पुढे पद्मिनी नावाने नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत चालली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तर ऑक्टोबर 2023 पर्यंत रस्त्यावर होती. म्हणजे या गाड्या भरपूर बनल्या. त्याचा फायदा असा, की सुटे भाग अजून मिळतात आणि हात बसलेले मिस्त्रीही सापडतात. पण दुर्मीळ नसलेल्या गाडीवर घातलेले पैसे विकताना क्वचितच वसूल होतात. पॅलेसवर तुम्ही पाहिलेल्या राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा हिशेब इथे लावू नका. स्वतःच्या वापराची गाडी विकून नफा झालाच तर त्यावर कर सहसा लागत नाही, पण तोटा झाला तर तो कुठे वजाही करता येत नाही. तेव्हा हा खर्च आहे असंच धरून चालू या. आवडीच्या गोष्टीवर केलेला खर्च म्हणून मला तो पूर्ण मान्य आहे.

आता एफडीतले 10 लाख का नकोत, ते तुमच्याच आकड्यांवरून बघा. आजचे 55 हजार महागाई 6 टक्के धरून तीन वर्षांनी साडेपासष्ट हजार होतील. पत्नीची पेन्शन वजा केली तर महिन्याला साधारण 33 हजार, म्हणजे वर्षाला 4 लाख तुमच्या पुंजीतून काढावे लागतील. निवृत्तीपर्यंत सगळं मिळून कोटीभर जमेल असं माझं गणित सांगतं. पुंजीवरचा परतावा आणि महागाई यांची जेमतेम बरोबरी झाली, तरी ती पंचवीस वर्षं, तुमच्या पंच्याऐंशीपर्यंत पुरेल. त्यातून 10 लाख काढणं म्हणजे घरखर्चाची अडीच वर्षं काढून देणं. ती अडीच वर्षं सगळ्यात शेवटची असतील, जेव्हा नवी कमाई होणार नाही.

पैसा आहे तो महिन्याच्या 25 हजारांत. पण त्यातून पहिला घास गाडीचा नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपेल आणि त्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही. दोघांची स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी याच महिन्यात घ्या. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. आज घेतली तर तुम्ही साठीला पोचाल तेव्हा तो उलटून गेलेला असेल, साठीनंतर घेतली तर नेमक्या गरजेच्या वर्षांत थांबावं लागेल. त्यासाठी महिन्याला 5 हजार बाजूला ठेवा. राहिलेले 20 हजार गाडीच्या नावाने आरडीत. छत्तीस महिन्यांत मुद्दल 7 लाख 20 हजार होतं. बोनस मिळत असेल तर तो त्यात घाला. एकूण 10 लाखांवर मात्र रेघ मारा, आणि ती रेघ पत्नीला सांगून ठेवा.

साडेआठ लाखांचा अंदाज आणि 10 लाखांची रेघ, हे अंतर मला कमीच वाटतं. जुन्या गाडीत खरा खर्च पत्र्यात लपलेला असतो. या फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्या गंजल्या असतील तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. म्हणून अंदाजावर सही करण्याआधी एक करा. वाड्यात जा, पुढची-मागची रबरी मॅट उचला आणि खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच टोचून बघा. खणखणीत लागला तर ठीक, टोक भुसभुशीत पत्र्यात रुतलं तर तिथे नवा पत्रा जोडावा लागणार. मग एका लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून मडगार्ड आणि दारांवरून फिरवा. तो जिथे धरत नाही तिथे आत पत्रा कमी आणि लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, जास्त. हे फोटो काढून दुसऱ्या एखाद्या मिस्त्रीला दाखवा आणि मगच आकडा पक्का करा.

काम टप्प्याने करून घ्या आणि पैसेही टप्प्यानेच द्या. पत्राकाम, ब्रेक, इंजिन, वायरिंग हे आधी. रंग, सीटकव्हर, क्रोम हे सगळ्यात शेवटी. गॅरेजवाल्यांना रंग लवकर मारायला आवडतं, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन पुढचे पैसे देतं. पण चकचकीत रंगाची, ब्रेक न लागणारी गाडी पैसे संपल्यामुळे वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहिलेली मी पाहिली आहे आणि मला तिचं फार वाईट वाटतं. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट बदलायला सांगा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही.

मारुतीच्या इंजिनाला मात्र स्पष्ट नकार द्या. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण इंजिन, चासी आणि बॉडी मूळ स्वरूपात असावी लागते. इंजिन बदललं की तो दरवाजा बंद. या नोंदणीत आधीचा नंबर राखता येतो आणि ती दहा वर्षं टिकते. मर्यादा एवढीच, की गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सगळ्यांना घेऊन पावागडला जायचं स्वप्न असेल तर नेहमीचीच नोंदणी फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी वाढवत राहावी लागेल. कुठला रस्ता धरायचा ते आरटीओत जाऊन आधी ठरवा, नंतर गॅरेजमध्ये जा.

आरटीओवरून मुख्य गोष्टीकडे येतो. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे का? असेल, तर ती आज तुमची एकट्याची नाही, सगळ्या वारसांची आहे. भावाबहिणींची लेखी संमती घेऊन, वारस म्हणून नाव लावण्याचा 31 नंबरचा फॉर्म भरून, आरसी आपल्या नावावर झाल्याशिवाय एक रुपयाही घालू नका. आज कोणाला त्या गाडीत रस नसेल. पण ती चमकून अंगणात उभी राहिली की “बाबांची गाडी” हे शब्द वेगळ्या सुरात ऐकू येतात. नात्यात ती कटुता नको.

उभी कुठे करणार, हाही पैशाचाच प्रश्न आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 35 फुटांवर गेली तेव्हा समामध्ये काय झालं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. मला वाटतं गाडी रावपुऱ्यातच असू द्यावी, आणि नुसत्या थर्ड पार्टीवर न थांबता पुराचं नुकसान धरणारा पूर्ण विमा घ्यावा. इतक्या जुन्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक बोलून ठरवतात. म्हणून प्रत्येक बिल आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो फाईलला लावून ठेवा, रक्कम ठरवताना तेच कामी येतील.

गाडी तयार झाल्यावरही विमा, बॅटरी, सर्व्हिसिंग, न चालताही कडक होणारे टायर असा वर्षाला 40 ते 50 हजार खर्च धरा. निवृत्तीनंतर तो महिन्याला 4 हजारांच्या घरात जातो आणि वर काढलेल्या साडेपासष्ट हजारांत तो धरलेला नाही. म्हणून पहिली दोन वर्षं आरडीचे 20 हजार जात असताना घरात ओढाताण वाटते का, याकडे लक्ष ठेवा. वाटली तर रंग आणि क्रोम निवृत्तीच्या पुढे ढकला, गाडी तोवर साध्या प्रायमरवर थांबेल.

आता आधी भावाबहिणींना फोन करा. वाड्यात गेलात की मॅटखालचे चार फोटो आणि आरसीचं पहिलं पान मला पाठवा. आरडी पुढच्या पगारापासून सुरू करू.