सकाळी ख्याल, रात्री सिंफनी: रोजच्या श्रवणाविषयी वाचकांचे प्रश्न

निरनिराळ्या काळांतील आणि प्रकारांतील संगीत रोज ऐकणाऱ्या वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी रोज चार तास तरी संगीत ऐकतो. सकाळी ख्याल, काम करताना जॅझ, दुपारी जुनी चित्रपटगीते, संध्याकाळी रॉक आणि झोपण्यापूर्वी पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एखादी रचना, असा क्रम गेली काही वर्षे चालू आहे. मात्र आठवडाभरात काय ऐकले ते आठवू लागलो तर हाती फारसे लागत नाही. गाणे शिकवणारे माझे एक स्नेही म्हणतात, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” मी एकच प्रकार धरून बसावे काय?

उत्तर: आपल्या स्नेह्यांची म्हण शिकणाऱ्याला लागू पडते, ऐकणाऱ्याला ती तशीच्या तशी लावता येत नाही. ज्याला गळा घडवायचा आहे त्याने एका घराण्याची वाट धरणे योग्यच असते, कारण दोन वेगळ्या पद्धतींचे स्वरलगाव एकाच वेळी गळ्यावर चढवू गेल्यास दोन्ही कच्चे राहतात. कानावर असे बंधन नसते. ज्याचा कान तयार आहे तो जॅझमधील सॅक्सोफोनची उपज (ऐनवेळी सुचलेला विस्तार) ऐकून आला म्हणून त्याला ख्यालातली बोलतान (बंदिशीचे शब्द घेऊन केलेली तान) कळेनाशी होत नाही.

अडचण दुसरीकडे आहे आणि ती आकड्यांत दिसते. रोजचे चार तास म्हणजे आठवड्याचे अठ्ठावीस तास. एक रचना सरासरी पाच मिनिटांची धरली, तरी आठवड्यात तीनशेहून अधिक रचना कानावरून जातात आणि त्यांतील बहुतेक पुन्हा कधी येत नाहीत. एकदाच भेटलेले तीनशे लोक ज्याप्रमाणे लक्षात राहत नाहीत, त्याप्रमाणे याही राहत नाहीत. पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टीविषयी मनात आपोआप आवड निर्माण होते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनिशी मांडले. संगीताच्या श्रोत्याला ते त्याच्या आधीपासून ठाऊक होते, एवढेच.

तेव्हा प्रकार पाचही ठेवा, परंतु आठवड्याला एक ध्वनिमुद्रण निवडून ते रोज, हातातले काम बाजूला ठेवून ऐका. सुरुवातीला एकच रचना एकाच कलावंताने दोन वयांत सादर केलेली घेतल्यास फरक लवकर ध्यानात येतो. ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकाने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना १९५५ साली आणि नंतर १९८१ साली ध्वनिमुद्रित केली. पहिली सुमारे ३८ मिनिटांची आहे, दुसरी ५१ मिनिटांची. यातील काही वाढ काही भाग दुसऱ्यांदा वाजवल्यामुळे झाली आहे. पण केवळ आरंभीची ‘आरिया’ घेतली, तरी तरुण गूल्ड ती दोन मिनिटांच्या आत संपवतो आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा गूल्ड त्याच स्वरांना तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ देतो. पहिल्या दिवशी आपल्याला फक्त लय संथ झाल्याचे जाणवेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डावा हात ऐकू येऊ लागेल आणि संथ लयीत तो हात उजव्याच्या मागे न जाता स्वतःचे काही सांगतो आहे, हे कळेल. चौथा दिवस येण्यापूर्वी ते कळत नाही, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

काम करताना जे लावून ठेवता ते ‘ऐकले’ या खात्यात धरू नका. ते वाईट नाही, पण त्याचा हिशेब वेगळा. जमल्यास वहीत दिवसाला एक ओळ लिहा. माझ्या वहीत ‘छान’ हा शब्द लिहायला मनाई आहे. काय घडले तेवढेच मी लिहितो: ‘तिसऱ्या आवर्तनात समेच्या अलीकडेच थांबले’, ‘दुसऱ्या कडव्यात व्हायोलिन गप्प’. अशी ओळ लिहायची ठरवली की कान आपसूक कामाला लागतो.

प्रश्न: १९०० ते १९४० या काळातील ध्वनिमुद्रणे ऐकण्याची फार इच्छा आहे; परंतु खरखर आणि नाकातून आल्यासारखा आवाज यांमुळे लवकरच कंटाळा येतो. शिवाय तीन मिनिटांत राग तो काय कळणार?

उत्तर: या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती समजली की त्रास निम्मा होतो. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत मायक्रोफोनच नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन गाई, त्या आवाजाने पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जाई. या पद्धतीत साधारणपणे २५० ते २,५०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी उमटत असत. त्यामुळे तबल्यातील बायाँचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो, तंबोऱ्याचा झंकार पुसट होतो आणि आवाजाची वरची चकाकी जाऊन तो चिमटल्यासारखा वाटतो. गायक नाकात गात नव्हता. कर्ण्याला तेवढेच ऐकू येत होते.

गायिका गौहर जान यांचे गाणे १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी ध्वनिमुद्रित केले. त्या काळच्या त्यांच्या तबकड्यांच्या अखेरीस त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात. मूळ मुद्रणे तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि गाणे कोणाचे हे तेथील कामगारांना कळावे म्हणून ही घोषणा केली जाई, असे सांगतात. गाणे संपता संपता ऐटीत येणारे ते वाक्य ऐकले की शंभराहून अधिक वर्षांचे अंतर क्षणभर उरत नाही. अशी जागा सापडली की खरखर मागे पडते.

तीन मिनिटांविषयी म्हणाल, तर दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. विलंबित बढतीला, म्हणजे संथ लयीत राग हळूहळू उलगडण्याला, वावच नसल्यामुळे कलावंत थेट बंदिशीवर येत, पहिल्याच वाक्यात रागाची खूण पटवून देत आणि उरलेल्या वेळात निवडक बोल आणि ताना मांडत. म्हणून त्याला कापलेला ख्याल समजू नका. ती बंदिशीची स्वतंत्र मांडणी आहे. लागोपाठ चार वेळा ऐकलीत तरी बाराच मिनिटे होतात.

ऐकताना हेडफोन काढून खोलीत स्पीकर लावा आणि वरच्या पट्टीचे ध्वनी थोडे कमी करा. फार ‘स्वच्छ’ केलेल्या प्रती शक्यतो टाळा, कारण खरखरीबरोबर आवाजाची धारही धुतली जाते. आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. तबकडीच्या मिनिटाला ७८ फेऱ्या, हा आकडा सुरुवातीच्या काळात नावापुरताच होता. प्रत्यक्ष वेग कमी-जास्त असत. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ने वाजवली, तर हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गायलेले गाणे जवळजवळ तिच्या पुढच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येते आणि लयही वाढते. एखाद्या जुन्या गायकाची पट्टी किती उंच होती, यावर वाद घालण्यापूर्वी हे तपासलेले बरे. अशी चूक फक्त त्याच काळात झाली असेही नाही. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या पहिल्या बाजूचे ध्वनिमुद्रण करणारे टेपयंत्र किंचित संथ फिरत होते. परिणामी नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर ती बाजू किंचित चढ्या स्वरात ऐकू येई, आणि १९९२च्या आवृत्तीत दुरुस्ती होईपर्यंत जगभरचे श्रोते तसेच ऐकत राहिले.

प्रश्न: सकाळचा राग रात्री ऐकला तर चालतो का? आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना काही क्रम पाळावा का?

उत्तर: चालतो. रागांचे प्रहर ही हिंदुस्थानी पद्धतीची परंपरा आहे आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी तिला शास्त्राची मांडणी दिली. कर्नाटक संगीताच्या मैफलींत हे बंधन तितके पाळले जात नाही. रात्री भैरव ऐकून काही बिघडत नाही, मात्र भैरव आणि मारवा पाठोपाठ लावू नका. कारण घड्याळाचे नाही, षड्जाचे, म्हणजे आधारस्वर ‘सा’चे आहे. एका ध्वनिमुद्रणाचा ‘सा’ कानात मुरलेला असतो आणि दुसऱ्याचा वेगळा असला तर सुरुवातीची मिनिटे कान जुन्या षड्जावरूनच स्वर मोजत राहतो. मारव्यात तर कलावंत षड्जावर मुद्दाम कमी थांबतो, त्यामुळे ही फसगत अधिक होते. सुरुवातीचा नुसता तंबोरा पुढे सरकवण्याची सवय असल्यास ती सोडा. तो आपल्यासाठीच असतो. ख्यालावरून सिंफनीकडे जाताना पाच मिनिटे काहीच न ऐकता जाऊ द्यावीत, कारण सिंफनीत आधारस्वरच वाटेत बदलत जातो आणि ‘सा’ धरून बसलेल्या कानाला ते घसरणे वाटते.

प्रश्न: मुलीच्या आग्रहावरून इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला घेतले आहे. तोच तुकडा दहा मिनिटे चालतो. यात ऐकायचे काय?

उत्तर: एकल तबलावादनातील लेहरा आठवा. सारंगीवर किंवा हार्मोनियमवर तीच ओळ तासभर फिरत असते आणि आपण तिची तक्रार करत नाही, कारण तिच्यावर तबल्याचा कायदा (ठरलेली बोलरचना) आणि त्याचे पलटे (तिचे बदलते रूप) मोजायचे असतात. पुनरावृत्तीच्या संगीतातही काहीतरी स्थिर ठेवलेले असते आणि काहीतरी हलत असते. फक्त हलणारी गोष्ट ताल किंवा स्वर नसून पुष्कळदा नादाचा पोत असतो. तोच ठोका हळूहळू उजळतो, एखादा थर काढून घेतला जातो आणि तो गेल्यावरच तो होता हे कळते.

कान तयार करण्यासाठी स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची १९६७ची ‘पियानो फेज’ ही रचना ऐकावी. दोन पियानो बारा स्वरांचा एकच तुकडा एकत्र वाजवू लागतात. मग एक वादक आपल्या जागी ठाम राहतो आणि दुसरा लय अगदी किंचित वाढवतो. काही क्षण सारे विस्कटल्यासारखे होते आणि मग दुसरा वादक बरोबर एक स्वर पुढे जाऊन पुन्हा जुळतो. त्या जुळण्यातून दोघांपैकी कोणीच न वाजवलेली एक नवी चाल ऐकू येते. ती ऐकू आली की मुलीच्या यादीकडे परत जा. तरीही आवडले नाही, तर तसे तिला मोकळेपणाने सांगावे. सगळे आवडलेच पाहिजे असा काही दंडक नाही.

प्रश्न: निरनिराळ्या काळांतील गाणी एका यादीत लावली की एक गाणे कुजबुजते आणि दुसरे अंगावर येते. जुन्या स्टिरिओ गाण्यांत तर कधी कधी गायक एकाच कानात गातो. माझी यंत्रणा बिघडली आहे का?

उत्तर: यंत्रणा ठीक आहे. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली आली आणि पुढे, विशेषतः १९९०च्या दशकापासून, हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर दाबून सबंध गाणेच मोठे करण्याची चढाओढ लागली. त्यापूर्वीची ध्वनिमुद्रणे तिच्याशेजारी दबकी वाटतात. बहुतेक ॲपमध्ये आवाजाची पातळी समान करण्याची सोय असते. मिश्र यादीसाठी ती चालू ठेवा. एखादी सिंफनी किंवा संपूर्ण अल्बम ऐकताना अल्बमनुसार पातळी राखण्याचा पर्याय असल्यास तो निवडा, अन्यथा मुद्दाम हळुवार ठेवलेला भागही वर उचलला जातो. आवाज वाढवण्याचा मोह आवरावा. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि दर ३ डेसिबलच्या वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तासच उरतात, आणि पहिल्या पत्रातील वाचकांचे अठ्ठावीस तास त्यात बसत नाहीत.

एका कानातल्या गायकाचे कारण असे: स्टिरिओ तबकड्या १९५८ साली बाजारात आल्या आणि पुढील काही वर्षे अनेक मुद्रणांत गायन एका बाजूला, वाद्ये दुसऱ्या बाजूला, अशी सरळ वाटणी केली जाई. खोलीतल्या दोन स्पीकरमधून हे आवाज हवेत मिसळतात, हेडफोनमध्ये मात्र मिसळत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो’चा पर्याय असतो; अशा गाण्यांपुरता तो वापरावा. माझ्या हेडफोनची डावी बाजू मध्यंतरी बंद पडली होती आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते. एक आवडते गाणे केवळ वाद्यांवर किती सुरेख वाजवले आहे, असे मी दोन दिवस लोकांना सांगत होतो.